ठेवू का मग?

खंडेनवमी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, मशीनची पूजा करायची हाय. वायर उपसली तर चालंल ना?"

नाही चालणार! वर्षानुवर्षं मी हेच ओरडतेय आणि वर्षानुवर्षं नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात कुणी ना कुणी वायर उपसतोच. मग दसऱ्याला सकाळी मला बोलावणं येतं. मी आधी तोंड सोडते, मग मशीन दुरुस्त करते, आणि आपट्याची पानं हातात घेऊन घरी येते. पानं देताना गिऱ्हाईक म्हणतं, "सोन्यासारखं राहा ताई." मी म्हणते, राहीन, तुम्ही फक्त मशीनपासून लांब राहा.

हे मशीन म्हणजे काय, ते आधी सांगते. डेअरी, कोल्ड स्टोरेज, दवाखाना, लॉज, असल्या ठिकाणी फोन आला आणि कुणी उचलला नाही की हे उचलतं. "आपला निरोप सांगा," म्हणतं आणि समोरचा बोलेल ते साठवून ठेवतं. प्रत्येक खात्याची वेगळी पेटी असते. हिशेबाची एक, गाड्यांची एक, जनावरांच्या डॉक्टरची एक. ज्यानं त्यानं येऊन आपल्या पेटीतले निरोप ऐकायचे. मी त्याला निरोपाचं मशीन म्हणते. कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक आहे, ते माझ्या एकाही गिऱ्हाइकाला कधी धड म्हणता आलं नाही.

लोक मला विचारतात, "आता मोबाईल आल्यावर हे कोण वापरतं?" ज्यांना विचारायचं त्यांना विचारत नाहीत, मला विचारतात.

हे मशीन बंद करायची एक रीत आहे. रेशनचं दुकान बंद करताना दुकानदार काय करतो? शटर आधी अर्धं खाली ओढतो. नवीन माणूस आत येत नाही, पण आत उभा असलेल्याला तो हाकलत नाही. त्याचं धान्य मोजून देतो, मग पूर्ण शटर पाडतो, मग कुलूप. निरोपाच्या मशीनचं तेच. आधी त्याला सांगायचं, नवीन फोन घेऊ नकोस. मग जे बोलतायत त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. प्रत्येक लाईनला एक छोटा हिरवा दिवा असतो, तो विझला की माणूस गेला. सगळे दिवे विझले की साठवलेल्या निरोपांची दुसरी प्रत काढायची, मशीनला झोपायला सांगायचं, आतली डिस्क फिरायची थांबली की मग वायर. मध्येच वायर उपसली तर बोलणाऱ्याचा निरोप तर जातोच, वर आतली सगळी यादी विस्कटते. निरोप आत असतात पण कुणाचा कुठला ते मशीनलाही कळत नाही.

एवढं साधं आहे. पण वाट बघणं आलं की आपल्या लोकांना धीर नाही.

मी मूळची निमगाव सावाची. आमच्या घरातला देव्हारा आजोबांनीच विसर्जित केला, त्यांच्या पिढीनं बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला तेव्हा. त्यामुळे हळद-कुंकू मी कुठल्या मशीनला लावलं नाही आणि लावणार नाही. आणि तरी खंडेनवमी मी कधी चुकवली नाही. का? कारण वर्षातून हा एकच दिवस असा, की मालक स्वतःहून मशीन बंद ठेवायला तयार असतो. एरवी "ताई, तासभर बंद करते, पंखा साफ करायचाय," म्हटलं की "धंद्याचा टाईम हाय, नंतर या!" मग मी ठरवून टाकलं, त्यांची पूजा ती माझी सर्व्हिसिंग. सकाळी जाऊन रीतसर बंद करायचं, झाकण काढायचं, पेंडीचा भुस्सा झटकायचा, पालीची अंडी काढायची, बॅटरी तपासायची. मग त्यांना काय करायचं ते करू दे, पण कुंकू आणि अक्षता टेबलाला, मशीनला नाही. एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं कुंकू थेट जाळीवर वाहिलं होतं. पंख्यानं ते आत ओढलं आणि आतला पंखाच सुवासिनीसारखा दिसायला लागला. वर मला विचारतो, "ताई, आवाज घोगरा का येतुया?"

एकदा एक जण कुत्सितपणे म्हणाला, "देव मानत न्हाई म्हणता आन् खंडेनवमीला बरोबर हजर!" मी म्हटलं, "तुम्ही पूजा करता, मी आंघोळ घालते. कशाचा उपयोग झाला ते मशीनलाच विचारा."

गिऱ्हाइकं एकेक नमुना. भीमाशंकरच्या रस्त्यावर एका लॉजवाल्यानं स्वागताचा निरोप स्वतःच्या आवाजात भरला. आधी शंख, मग पूर्ण स्तोत्र, मग लॉजची माहिती, गरम पाण्याची वेळ, मग "बोला". तिथपर्यंत कुठला भाविक टिकतो? श्रावणात बोंब झाली, मशीन गिऱ्हाइकं पळवतंय! मी ऐकलं, सगळं पुसलं आणि "बोला, खोली कधी हवी?" एवढंच ठेवलं. महिनाभर माझ्याशी बोलला नाही बिचारा. नंतर पेढे घेऊन आला.

पण मला सांगायचंय ते डेअरीचं.

नारायणगावच्या अलीकडे एक खासगी डेअरी आहे, नाव घेत नाही. तिला दूध घालणारे निम्मे लोक खालच्या सपाटीवरचे, निम्मे पश्चिमेचे, घाटघर आणि तिकडच्या वाड्या-पाड्यांवरचे. भात-नाचणी करायची, दोन-तीन जनावरं बाळगायची आणि दुधाच्या टेम्पोची वाट बघायची. जनावर आजारी पडलं की डेअरीचा डॉक्टर येतो. डॉक्टर सारखे बदलतात, त्यांचे मोबाईल बदलतात, आणि तिकडं रेंज म्हणाल तर एखाद्या टेपाडावर चढल्यावर लागते, तीही बोलण्यापुरती. म्हणून डेअरीनं निरोपाच्या मशीनचा नंबर दुधाच्या प्रत्येक कॅनवर ऑईलपेंटनं लिहून दिला. ज्याला वाचता येत नाही तोही तो नंबर बघून बघून बोटानं दाबतो. कॅन घरी, तर नंबर घरी.

मशीन बसवलं आणि थोड्याच दिवसांत तेव्हाच्या डॉक्टरची तक्रार आली. "घाटघरकडचे निरोप अर्धेच येतात. नुसतं 'पावणं, बरं हाय ना?' आणि मग फोन बंद."

मी बसून ते निरोप ऐकले आणि मला हसूच फुटलं. अहो, ती माणसं फोनवर आधी ख्यालीखुशाली विचारायची. "बरं हाय का? पानी झालं का तिकडं?" आणि विचारल्यावर गप्प बसायची. उत्तराची वाट बघत! विचारलंय तर समोरच्याला बोलू द्यावं, ही त्यांची रीत. आणि मशीनला काय शिकवलेलं? की थोडा वेळ शांतता झाली म्हणजे माणूस गेला, फोन ठेवून द्या. शहाण्या माणसांनी बनवलेलं मशीन, त्यांच्याकडं प्रश्न विचारून कुणी थांबत नसावं.

मी शांततेची मर्यादा मशीन देईल तेवढी वाढवून टाकली. कुणाच्या बापाला विचारलं नाही. ऑफिसातून ओरड झाली की अशानं डिस्क भरेल. म्हटलं, भरू दे, रिकामी करायला मी जिवंत आहे. स्वागताचा निरोपही माझ्या आवाजात केला. "मी मशीन बोलतेय. मला उत्तर देता येत नाही. तुम्ही तुमचं सांगा, डॉक्टर ऐकतील." त्यावर लोक काय म्हणायचे? "बरं बाई." आणि मग सांगायचे. सगळं सांगून झालं की शेवटी न चुकता, "ठेवू का मग?" आणि पुन्हा शांतता. परवानगी मिळाल्याशिवाय फोन ठेवणं त्यांना जमायचंच नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. डेअरीला नवे चेअरमन आलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं, "बाई, उद्या शेवटचं या. ते खोकं कायमचं बंद करायचं. आता सगळं मोबाईलच्या अ‍ॅपवर. पूजा नव्या स्क्रीनची."

मी विचारलं, "घाटघरला कळवलंय का?"

"कळंल हळूहळू."

"आणि कॅनवरचा नंबर?"

"तुमी मशीनचं बगा, कॅनचं आमी बगू."

मी गेले. कारण बंद करायचंच असेल तर माझ्या हातानं, रीतीनं झालेलं बरं. आत गेले तर झेंडूची तोरणं लागलेली, गुरुजी बसलेले, नवा स्क्रीन पाटावर, आणि आपलं मशीन भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ढकललेलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तरी मी हातातलं काम सुरू केलं. शटर अर्धं खाली केलं, म्हणजे नवीन फोन थांबवले. आत दोन दिवे हिरवे होते. त्यातला एक लगेच विझला. दुसरा विझेना.

गुरुजींनी ताम्हण मांडलं. अण्णा घड्याळाकडे बघायला लागले. "झालं का बाई?"

"कुणीतरी बोलतंय."

अण्णांनी वाकून मशीनला कान लावला, जसा काही त्यातून आवाज येणार होता. "कुटं कोन बोलतंय? उपसा वायर. मुहूर्त चाललाय."

मी स्पीकर लावला. खरंच कुणी बोलत नव्हतं. नुसता वारा, आणि मध्येच जनावराच्या गळ्यातल्या घंटेचा एक आवाज.

"बगा! फोन चालूच राहिलाय कुनाचा तरी. काढा," म्हणत अण्णांनी सरळ प्लगकडे हात नेला. मी मध्ये आडवी झाले. हात प्लगवर ठेवला तो ठेवलाच.

"कुणीतरी थांबलंय, अण्णा. उत्तराची वाट बघतंय."

"अवो, लाईन मेलीया ती! सगळे खोळंबलेत. तुमाला काय पूजेचं पडलंय म्हना, तुमी तर..." आणि ते थांबले.

बोला ना पुढं! मनात आलं, विचारावं. अर्धंच बोलले, पण मी पुरतं ऐकलं. असली अर्धी वाक्यं मी शाळेपासून ऐकत आलेय. एरवी मी त्यांचं तोंड धरलं असतं, पण त्या क्षणी मला भांडण नको होतं, तो दिवा हवा होता. मी एवढंच म्हणाले, "माझा हात बाजूला करायचा तर करा. पण त्यासाठी मला हात लावावा लागेल."

 तेवढ्यात मशीनमधून आवाज आला.

"...डाक्टर? तुमी हाय ना?" बाईमाणसाचा आवाज, दमलेला. "गाय सकाळधरनं बसलीया. येक पाय भाईर आलाय, डोकं दिसत न्हाई. मालक म्हनत्यात दोरी बांधून वढू. वढू का?"

आणि पुन्हा शांतता. ती उत्तराची वाट बघत होती.

डेअरीचे आताचे डॉक्टर दाराशी तोरण बांधत उभे होते. हातातला झेंडू तसाच, ते धावत मशीनजवळ आले आणि ओरडायला लागले, "ओढू नका! मावशी, ओढू नका!" शिकलेला माणूस, पण त्यालाही तेवढ्या वेळात विसर पडला की मशीन फक्त ऐकतं.

"तिला ऐकू जात नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

"ठेवू का मग?" मशीनमधून आवाज आला.

निरोप चालू असताना मध्येच फोन उचलायची सोय या मशीनमध्ये असते. कुणी वापरत नाही म्हणून मालकांना ती माहीतही नसते. मी बटण दाबून रिसीव्हर उचलला आणि ओरडले, "ठेवू नका! मावशी, ठेवू नका! डॉक्टर देते."

पलीकडे ती दचकलीच असणार. मशीननं आजवर कधी तिला उत्तर दिलं नव्हतं. "आगं बया," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला. घाटघरची ठमाबाई. गाय पहिलटकरीण. "दोरी सोडून द्या. कुणाला हात लावू देऊ नका. निघालो मी." आणि निघालेच. चपला दाराबाहेर होत्या, त्या घालायलाही थांबले नाहीत, गाडीत बसून गेले. जुन्नर, आपटाळं, मग पुढचा तो रस्ता. तुम्ही गेला असाल तर माहीत असेल.

अण्णा म्हणाले, "आता तरी..."

मी म्हटलं, "आता तर मुळीच नाही." त्यांच्यादेखत शटर पुन्हा पूर्ण वर केलं. मशीन कोपऱ्यातून ओढून टेबलावर ठेवलं, तोंड लोकांकडे करून. "हे मी बंद करणार नाही. तुम्हाला उपसायचं असेल तर उपसा. पण आधी घाटघरला जा, आणि ठमाबाईच्या कॅनवरचा नंबर तिच्यासमोर स्वतःच्या हातानं पुसून या."

"तुमचं काँट्रॅक्ट कॅन्सल समजा."

"समजलं."

गुरुजी इतका वेळ पळी हातात धरून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, नवमी संध्याकाळपर्यंत आहे. पळून चालली नाही." मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, पण वाटला.

जाण्याआधी मी डॉक्टरची पेटी उघडली. तिच्यात त्याच आवाजातला आणखी एक निरोप होता, सकाळचा. न ऐकलेला. "पावणं, बरं हाय ना?" मग शांतता. मग, "गाय अडलीया." सगळे तोरणं बांधत होते. मशीननं आपलं काम चोख केलं होतं. ऐकायचं काम माणसाचं, ते झालं नव्हतं. मी तो निरोप स्पीकरवर पुन्हा लावला, शेवटच्या "ठेवू का मग?"पर्यंत, आणि पिशवी उचलून निघाले. कुणी अडवलं नाही.

गाय वाचली. वासरू पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, "सकाळी पोचलो असतो तर सांगता येत नाही, ताई, कदाचित." ते कदाचित माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्याच्या चुकीचंही ओझं होतं माणसाला. मी वायर धरून उभी होते, वासरू मात्र त्याच्या आधीच गेलं होतं. याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो, आणि राग जास्त येतो.

अण्णांनी मला काढलं. मशीन काढायची मात्र हिंमत झाली नाही. ठमाबाईची गोष्ट दुधाच्या टेम्पोबरोबर सगळ्या वाड्यांवर फिरली आणि कॅन घेऊन येणारा जो तो विचारायला लागला, "मशीनमंदली बाई हाय का अजून?" अ‍ॅपही आहे. सपाटीवरचे लोक वापरतात, चांगलं आहे, माझं काही भांडण नाही. ज्याच्या गावात रेंज येईल त्याच्यासाठी उद्या मीच मशीन बंद करून देईन. रीतीनं. पण वाट बघणारा माणूस आत उभा असताना कुणी शटर पाडायला लागलं तर मी शेवटपर्यंत आडवी येणार. माझं दुकान चालो न चालो.

या वर्षी काँट्रॅक्ट नाही, बोलावणं नाही. तरी खंडेनवमीला पिशवी घेऊन डेअरीत गेले. म्हटलं, बघू कोण हाकलतंय. कुणी हाकललं नाही. मशीन टेबलावरच होतं, तोंड लोकांकडे. शेजारी नवा स्क्रीन, दोघांच्या मध्ये झेंडूची एक माळ. मी शटर अर्धं खाली केलं. एक दिवा हिरवा राहिला.

अण्णा पूजेचं ताट घेऊन आले. निरांजन पेटवलेलं. माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि थांबले.

मी स्पीकर लावला नाही. कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांनी ऐकायची गरज नसते. आम्ही नुसते उभे होतो. गुरुजी, डॉक्टर, ऑफिसातली माणसं. अण्णांचा हात अवघडला, त्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. बराच वेळ गेल्यावर अगदी हळू आवाजात मला विचारलं, "कोन हाय?"

"माहीत नाही. कुणीतरी थांबलंय."

अण्णा ताट धरून उभे राहिले. निरांजनातलं तूप संपत आलं तेव्हा कुणीतरी न सांगता आणखी घातलं.

मग दिवा विझला. मी प्रत काढली, मशीनला झोपवलं, डिस्क थांबली, वायर काढली. अण्णांनी चिमटीत कुंकू घेतलं, पण हात तसाच हवेत ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "लावू का आता?"

"लावा," मी म्हटलं. "टेबलाला."